उतरू का?

१

हिंमत असंल तर ह्यातलं एक अक्षर खरं मानून दाव. तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई, आधीच सांगते. मी चार यत्ता शिकलेली बाई, मला इमानातलं काय कळतंय? आन् इमान म्हंजी उडायचं बरं का. दुसरं इमान आमच्या पंचक्रोशीतनं कवाच संपलं. खोटं वाटलं तर शेंगा खात गुमान बस, मधी मधी मान हालवू नको. मला हसू येतं.

तर साखरबाई. पाटसच्या अलीकडं, कारखान्याच्या रस्त्याला वस्ती हाय ना, तितली. नवरा पोपटराव, दौंडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर व्हता, आता रिटायर. पोटी लेकरू न्हाई. पन धाकट्या बहिनीची, शिरूरच्या भागूची पोरगी राजनंदिनी हिच्याच मांडीवर वाढली. शाळंला सुट्टी लागली की पोरगी मावशीकडं. शाळा उघडली तरी तिला उचलून गाडीत कोंबावं लागायचं. भागू म्हनायची, "अक्का, मी नुस्ती जन्माला घातली. आई तूच."

ती पोरगी पुढं को-पायलट झाली. बघ, हालवलीस मान. मोठा साहेब डाव्या हाताला, ही उजव्या हाताला, आन् मागं दीडशे मानसं शेंगा खात बसल्याली.

साखरबाईचं एक ठरल्यालं व्हतं. दुपारी चहाचं आधन चुलीवर ठिवायचं आन् अंगनात येऊन वर बघायचं. आभाळात पांढरी रेघ निघाली की हात हालवायचा.

पोपटराव म्हनायचे, "अगं, त्यात आपली नंदू न्हाई. ते दुसऱ्याचंच कुठलं तरी इमान."

"आसंना. त्यात बी कुनाची तरी नंदू आसंल की."

२

दिवाळीला पोरगी आली. चुलीपुढं पाट घेऊन बसली, गरम भाकरीचा पापुद्रा काढून खात. साखरबाईनं इचारलं, "वर काय बिघडलं तर काय करतीस गं?"

"वळवतो की मावशी, दुसऱ्या विमानतळावर."

"जवळ असंल तितं?"

"नुसतं जवळ असून भागत नाही. धावपट्टी लांब पाहिजे. आगीचे बंब पाहिजेत. कुणाला हार्टचा त्रास झाला असेल तर त्या गावात तसं हॉस्पिटल पाहिजे. विमानाच्या दारापर्यंत पोचेल असा जिना पाहिजे, नाहीतर उतरून माणसं दारातच उभी."

पोपटराव खुर्चीतनं बोलले, "आमच्यात तसंच. गाडी कुरकुंभला बंद पडली म्हनून कुरकुंभला ठिवून उपेग काय? मेकॅनिक दौंडात."

"बरोबर, काका. आणि आम्ही आधी विचारतो. उतरू का म्हणून. खालून या म्हणाले की मग उतरायचं."

"आन् ते कवा ठरवायचं? समदी वरडाय लागल्यावर?"

"नाही गं. निघायच्या आधीच कागदावर लिहिलेलं असतं. इथं नाही जमलं तर तिथं. चौकट असते त्याला."

साखरबाईनं पिठाचं हात झटकलं. "मग त्या चौकटीत माझं नाव लिव."

"मावशी, तुझ्याकडं बंब कुठाय?"

"हिरीवर पाच हार्सची मोटार हाय."

"धावपट्टी?"

"ऊस तुटू दे. दोन एकर सपाट."

"जिना?"

"माळ्यावर चढायची शिडी हाय की."

पोपटराव हसून हसून खोकाय लागले. "आन् या म्हनायला ही हायेच. ही वाघाला बी या म्हनंल, आन् वर गुळपानी देईल."

पोरीनं बॅगमधनं कसलासा छापील कागद काढला. त्यावर चौकटीच चौकटी. एका चौकटीत पेनानं लिवलं, साखरबाई, पाटस. मावशीला वाचून दावलं, तिच्या गालाला पिठाचं बोट लावलं, आन् कागद परत बॅगंत गेला.

एवढंच झालं बघ. दोघी मिळून चेष्टा केली. मला तर आवडली आसती आसली चेष्टा.

३

संक्रांतीच्या आधी ऊस तुटून गेला. पाचट पेटवून झालं. दोन एकर काळं सपाट रान उघडं पडलं, आन् घर एकदम एकलं दिसाय लागलं.

येका बुधवारी पावनेचारला साखरबाई सैपाकघरात तांदूळ निवडीत बसली व्हती. चहाचं पानी नुकतंच उकळाय लागलं व्हतं. तर तिच्या कानांत दडं बसलं. दिवेघाट उतरताना बसत्यात का न्हाई, तसं. चहाचा आवाज गेला. तांदळाचा आवाज गेला. तिनं आवंढा गिळला. न्हाई सुटलं.

तिनं कवाडातनं बघितलं तर समद्या कोंबड्या मातीला पोट लावून, पंख पसरून बसल्याल्या.

मग पुढच्या दारातनं आवाज आला. म्हातारा पुरुष, लई नम्र, खोकत खोकत. "अम्मा, उतर जाऊँ क्या?"

तोडनीच्या टोळीला पानी द्यायला हिंदी मानसं कवा कवा यायची ट्रॅक्टर घिऊन. साखरबाईला वाटलं, त्यातलंच कोन तरी ट्रॉलीवरनं इचारतंय. तिनं मान वर न करता, जसं जनमभर म्हनत आली तसं म्हनलं, "या की, या."

कानातलं दडं फट्कन सुटलं. चहा उतू गेल्याला. ती पदराला हात पुसत भाईर आली. अंगनात कुनी न्हाई. रस्त्याला ट्रॅक्टर न्हाई. कोंबड्या उठून अंग झटकत व्हत्या.

"कोन आलं व्हतं व्हय?" तिनं नवऱ्याला इचारलं. पोपटराव पुढच्याच खोलीत, दारापाशी खुर्चीत बसल्याले.

"कुनी न्हाई. माझं जरा कान गच्च झाल्यालं." त्यांनी कानात करंगळी घातली. "बीपीची गोळी बदलली का काय डाक्टरनं?"

साखरबाई म्हनली, व्हय, गोळीच असंल. पन तिनं तर गोळी कवाच घेतली नव्हती.

४

त्यांचं घर एका रांगेत तीन खोल्या. म्होरं बसायची, मागं सैपाकाची, आन् मधली खोली. मधलीत गव्हाची पोती, जुनी कॉट. तिला खिडकी न्हाई. दोन्ही अंगाला भिताडं, येक दार हिकडं, येक तिकडं. दिवसा बी बल्ब लावावा लागतो.

त्या दिवसापासनं मधल्या खोलीत गारठा राहू लागला. घराचा गारठा न्हाई. फ्रिज उघडल्यावर तोंडावर येतो तसला, कोरडा. आन् वास. कुठं तरी नवा रबर आन् इस्तरीचं कापड.

चार दिवसांनी परत पावनेचार. परत दडं. ह्या बारीला बाईचा आवाज, कडंवर तान्हं रडतंय. भाषा साखरबाईला कळली न्हाई. पन इचारनं कुठल्या बी भाषंत कळतंच गं. दमल्यालं मानूस दारात उभं ऱ्हाऊन काय इचारनार? तिनं म्हनलं, "ये बाई, ये आत. लेकरू उनात कशाला?"

फट्कन दडं सुटलं. अंगन रिकामं.

पन सांजंला ती मधल्या खोलीत गहू काढाय गेली तर दार पुरतं उघडंना. हातभर उघडलं आन् आडलं. दाराला पोतं लागल्यासारखं न्हाई. पोतं ढकललं तर सरकतं. हे मऊ व्हतं, आन् जरा मागं झालं. सरकून घेतलं कुनी तरी, तसं.

तिनं दार लावून घेतलं. रातीच्याला गहू नको, तांदूळ करू, म्हनली.

दुसऱ्या दिवशी पोपटराव मागचा येक पेपर वाचत व्हते. त्यांना सवय, मोठ्यानं वाचायची. "हे बघ, नंदू म्हनली तेच. इमान वळवलं. वरच येका म्हाताऱ्याच्या छातीत दुखाय लागलं म्हनून. जवळच्या गावाला न न्हेता लांबच्याला न्हेलं. तितं मोठा दवाखाना हाय म्हन."

"वाचला का?"

"न्हाई. उतरायच्या आधीच गेला."

"कवा?"

"बुधवारी दुपारी. पावनेचारच्या सुमारास म्हंत्यात."

साखरबाईनं निवडल्याला लसूण परत निवडला. बुधवार तर बुधवार. पावनेचारला जगात लाखभर मानसं खोकत आसतील. त्यातलं येक आपल्या दारात खोकलं म्हनून काय झालं?

पन त्या रातीपासनं ती मधल्या खोलीच्या दाराशी पान्याची कळशी भरून ठिवू लागली. सकाळी ती अर्धी आसायची.

५

महिना गेला. रोज न्हाई, पन हप्त्यात तीनदा-चारदा पावनेचार वाजायचं. साखरबाई ठरवायची, आज गप बसायचं. पन दारातलं मानूस इचारतंय आन् आपुन गप बसायचं, हे तिच्या जिभंला कवा शिकवलंच न्हाई कुनी. तिच्या आधी जीभच या म्हनायची.

तिनं पोरीला फोन लावला. "नंदे, ते माझं नाव खोड."

"कुठलं नाव?"

"चौकटीतलं."

पोरगी हसली. "अगं, तो जुना कागद होता. त्याच दिवशी फाडून टाकला मी. साहेबांनी बघितला असता तर माझीच चौकशी लागली असती. का गं? बरी आहेस ना?"

"बरी हाय. पाव्हनं लई झाल्यात."

"मग मजा आहे तुझी."

साखरबाईनं फोन ठिवला. नाव फाटलं, मग आता खोडायचं काय?

पोपटरावांना ती काय बोलली न्हाई. त्यांना भ्या वाटंल म्हनून. येके दिवशी सांजंला पोपटराव आपलं खुर्चीत, डोळं मिटून, मान मागं टाकून पडल्याले. मधल्या खोलीत बारीक बारीक आवाज. खट. जरा थांबून, खट. बॅगंचं बक्कल लावावं तसं. मग समदं शांत, पन रिकाम्या खोलीसारखं शांत न्हाई. भरल्याल्या गाडीत ड्रायव्हर यायची वाट बघत मानसं गप बसत्यात ना, तसं.

पोपटराव डोळं न उघडता म्हनले, "सतरा शीट."

"काय?"

"सतरा शीट हायत आत. येक लेकरू मांडीवर, ते धरलं न्हाई."

साखरबाईच्या हातातलं ताट खाली गेलं.

"तुमाला कवापासनं ऐकू येतंय?"

"पैल्यापासनं. तीस वर्सं स्टँडवर गाडीतली मानसं मोजली, साखरे. डोळं मिटून सांगतो." त्यांनी डोळं उघडलं. "तुला भ्या वाटंल म्हनून बोललो न्हाई."

दोघं येकमेकांकडं बघून हसली बघ. काय करनार? मग पोपटरावांचं हसू गेलं.

"पन येक हाय. चढत्यात समदी. उतरून गेलेलं येक शीट म्या अजून ऐकलं न्हाई."

६

माघातली गोष्ट. साडेतीन वाजून गेल्याले. शिरूरहून भागूचा फोन. भागूकडं मोबाईलवर ते असतंय, पोरीचं इमान कुठं हाय ते दिसतं, पिवळं, इवलंसं. ती तर जेवताना बी ताटाशेजारी ठिवायची.

"अक्का, पोरीचं इमान बघ काय करतंय. चेन्नईहनं म्हमईला चाललं व्हतं, ते पुन्याकडं वळलंय. आन् लई भराभरा खाली येतंय गं. आकडा नुस्ता पडतोय."

"कुठं हाय आत्ता?"

"तुमच्याच डोक्यावर. अक्का, भाईर जाऊन बघ ना, दिसतंय का."

साखरबाई अंगनात आली. वर ढग व्हतं पांढरं, बाकी काय न्हाई. कोंबड्या फिरत व्हत्या. मग येक बसली. मग समद्या बसल्या, पोट लावून.

फोनातली भागू लांब लांब गेली. दडं बसलं.

साखरबाई फोन तितंच टाकून पळत घरात शिरली आन् पुढचं दार लोटून घेतलं. कडी घातली. त्या कडीचा आवाज सुदिक आला न्हाई तिला. पोपटराव खुर्चीतनं अर्धे उठल्याले.

आन् दाराच्या पल्याडनं, येकदम स्वच्छ, "मावशी, उतरू का?"

तीच गं. तीच पोरगी. शिरूरच्या गाडीतनं उतरून पळत येऊन दार वाजवायची तवाचा आवाज न्हाई, आत्ताचा. मोठ्या पोरीचा. पन दमल्याला.

साखरबाईची जीभ उचलली. तिनं दातांत धरली.

"मावशी, धूर झालाय गं सगळा. दिसत नाही मला. जवळ तूच आहेस."

पोपटरावांच्या डोळ्यांतनं पानी आल्यालं. त्यांचं तोंड उघडलं, "ये गं बा..." येवढं व्हतंय तवर साखरबाईनं त्यांच्या तोंडावर हात ठिवला. लगीन झाल्यापासनं तिनं नवऱ्याला कवा बोट लावून गप केलं नव्हतं. म्हाताऱ्याला भितीशी दाबून धरलं. कोन कुनाला धरतंय कळंना.

मागं मधल्या खोलीचं दार आपसूक हातभर उघडलं.

तिनं बघायचं न्हाई ठरवलं, आन् बघितलं. आत बल्ब बंद. पन कडंनं उजेड येत व्हता, भिताडातनं, गोल गोल, ढगावरच्या उनासारखा. त्या उजेडात गुडघं दिसलं. नुस्तं गुडघं. येकामागं येक रांगंनं, समदं म्होरं तोंड करून बसल्यालं. धोतर, जीन्स, साडीचा काठ, मांडीवर लेकराचा पाय. मोजं घातल्यालं पाय, चप्पल कुनाच्याच पायात न्हाई.

आन् दाराजवळची, अगदी पयली जागा रिकामी. तिच्यावरचं पांघरून झटकून, नीट घडी घालून ठिवल्यालं.

"मावशी, मी विचारतेय ना. उतरू का?"

आता तू सांग. आपल्याकडं दारातल्या मानसाला जा म्हनत्यात का? निघालेला पाव्हना बी येतो म्हनतो, आन् आपुन म्हनतो या. कासारीन असू दे, भिकारी असू दे, म्होरल्या बारीला ये बाबा म्हनायचं. जा कुनाला म्हनायचं? दहाव्याच्या घाटावर सुदिक पिंडापुढं हात जोडून सुखी ऱ्हा म्हनत्यात. साठ वर्साच्या बाईच्या तोंडात तो शबूद कवा आलाच नव्हता. आन् आला तर कुनासाठी.

तिनं दाराला कपाळ टेकलं. पल्याडनं बी कुनी तरी टेकल्याचं तिला कळलं. लाकूड गार पडलं.

"जागा न्हाई," ती म्हनली. "जा."

"मावशी?"

"जा म्हनलं ना. म्होरं पुनं हाय. लांब रस्ता हाय तितं, बंब हायत, जिना हाय. माझ्याकडं काय हाय? येक शिडी, ती बी मोडल्याली. जा, नंदे. मागं वळून बघू नको."

दारापल्याड बराच येळ कुनी रडत व्हतं. ल्हान असताना भागू न्यायला आली की रडायची, तसंच.

मग रडनं हाललं. वर गेलं, पत्र्यावरनं गेलं, पुन्याच्या दिशंला गेलं. आन् दडं सुटलं. अंगनात पडल्याल्या फोनातनं भागू वरडत व्हती, "अक्का, अक्का, ऐकतीस का?"

७

सांजंला कळलं. इमान लोहगावला उतरलं, समदी मानसं सुखरूप. म्होरल्या केबिनीत धूर भरल्याला. मोठ्या साहेबानं मास्क लावला, पोरीचा नीट बसंना, आन् तिची शुद्ध गेली. चार मिन्टं. मग म्हनं आपुनच डोळं उघडलं, आन् उतरेस्तवर साहेबाला साथ दिली.

होळीला ती आली. जरा वाळल्याली. पुरनाची पोळी मोडून बसली. मग म्हनली, "मावशी, तू मला कधी जा म्हणाली आहेस का?"

"म्या?" साखरबाईनं पोळीवर तूप सोडलं, येवढं की ताटातनं वघळ गेला. "म्या म्हनंन व्हय? तुझ्या काकाला इचार."

काका खिडकीतनं भाईर बघाय लागले.

"मला राग आला होता तुझा," पोरगी म्हनली. "इतका राग, की मी जागी झाले."

साखरबाईनं तिचं तोंड दोन्ही हातांत घेतलं, कानशिलावर बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी निघताना पोरगी दारात वाकून पाया पडली. "येते मावशी."

साखरबाईचं व्हट हाललं. "जा," ती म्हनली. "नीट जा."

पोरीनं तिच्याकडं बघितलं. मग मान डोलावली आन् गेली. तिला कळलं का न्हाई, ते मला इचारू नको.

आता साखरबाई कुनालाच या म्हनत न्हाई. वस्तीवरची मानसं म्हंत्यात म्हातारी तुसडी झाली, मानसाला बस म्हनत न्हाई. म्हनू देत. पावनेचारला ती चहाचं आधन ठिवून पुढच्या दारापाशी बसती. अजून इचारत्यात, कवा हिंदी, कवा कुठली कुठली बोली. ती आतनंच सांगती, "म्होरं जा, लेकरा. म्होरं पुनं हाय. थोडंच ऱ्हायलंय." लई मायेनं सांगती. पोपटराव शेजारी बसून दिशा दावत्यात, दार बंद असलं तरी. स्टँडवरची सवय.

फक्त मधल्या खोलीतल्या सतरा शीटांचं काय करायचं ते त्या दोघांना अजून सुचलं न्हाई. या म्हनून बसवल्याली मानसं ती. त्यास्नी आता ऊठ कसं म्हनायचं? कळशी भरून ठिवत्यात, दुसरं काय.

बघ, शेंगा संपल्या तुझ्या, आन् मान हालवायची बी बंद झाली. चांगलं हाय. उनं कलली, साडेतीन होऊन गेलं. चप्पल घाल पायात. येते बिते काय म्हनू नको मला, आन् म्या बी ये म्हननार न्हाई. ऊठ.

जा आता.